मधून चिरलेला कीबोर्ड

"…मग जुनाच काढू का, बुवा?"

केवलबुवांनी नुसता कान त्याच्याकडे वळवला.

नीळकंठाने पुन्हा विचारलं, पण आवाज खाली आणून. पहिल्या वेळी तो जरा चढला होता, आणि गुरूपुढे आवाज चढल्याची त्याला लाज वाटली.

"जुना कीबोर्ड काढतो. पुस्तक पुरं होईपर्यंत वापरतो. मग हातांचं काय व्हायचं ते होवो."

बुवा ओसरीवर घोंगडीवर बसले होते. त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आडवा पडला होता आणि पाणी सारवलेल्या जमिनीत जिरत चाललं होतं. तांब्या नीळकंठाच्या हातून पडला होता, बुवांना पाणी देता देता. त्याची बोटं तांब्याभोवती नीट होती. फक्त आपण काही धरलेलं आहे हे त्या बोटांना कळलं नव्हतं.

"तुम्ही भिजलात, बुवा."

"थोडासाक. उन्हाचे दिवस हायेत, वाळते."

बुवांना दिसत नसे. डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी धोतराचा ओला काठ चाचपला, पिळला आणि पुन्हा गुडघ्यावर पसरला.



नीळकंठ काळमेघ हा मठात यायच्या आधी जिल्ह्याच्या कोर्टात टंकलेखक होता. साधासुधा नव्हे. साक्षीदार बोलायचा थांबायच्या आत नीळकंठाचं वाक्य कागदावर उमटलेलं असे. न्यायाधीश श्वास घेण्यासाठी थांबत, नीळकंठ थांबत नसे. वकील मंडळी त्याला टेबलाशी येऊन बघून जात, आणि आपल्याकडे कोणी बघत नाही असा चेहरा करून तो आणखी जोरात टाइप करी.

कोर्टात टाइपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा सगळ्यांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. नीळकंठ गेला नाही. मला कोण शिकवणार, असं तो म्हणाला. घरी बसून त्याने नवा कळफलक आपला आपण अंगवळणी पाडला आणि बाकीचे प्रशिक्षणाहून परतले तेव्हा हा त्यांच्या पुढे गेलेला होता.

सागझरीच्या या मठात माणसं येतात ती काही ना काही दाराबाहेर ठेवून येतात. कोणी तंबाखू सोडतो, कोणी भाऊबंदकीचा खटला सोडून देतो. नीळकंठाने नोकरी सोडली, बढती सोडली, शहरातलं बऱ्यापैकी घर भावाला देऊन टाकलं. बोटांचा वेग मात्र तो सोबत घेऊन आला. तो ठेवून ये असं त्याला कोणी म्हणालंही नाही, कारण मठाला नेमका तोच हवा होता.

बुवांचे गुरू शिदोबा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांची वचनं कुठे उतरवलेली नव्हती. ती बुवांच्या तोंडी होती. बुवांनी सांगावं आणि नीळकंठाने उतरवावं, असं पुस्तक सुरू झालं. रोज सकाळी पूजा आटोपली की ओसरीवर टेबल लागे, संगणक उघडे, बुवा बोलू लागत. बघता बघता पानांचा ढीग झाला. मठात येणारे लोक आत डोकावून बघत आणि म्हणत, बुवा बोलतात आणि याच्या बोटांतून अक्षरं पडतात. हे ऐकून नीळकंठ खाली मान घालून हसे. त्याच्या आयुष्यात याहून मोठं सुख नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं किती गुरुसेवेचं आणि किती स्वतःच्या कौतुकाचं, हे त्याने कधी चाळून पाहिलं नव्हतं.

मग हात दुखू लागले. आधी मनगट, मग अंगठा, मग बोटांना मुंग्या. सकाळी उठल्यावर हात कोणीतरी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा वाटे.

तालुक्याच्या डॉक्टरने मनगट वाकवून पाहिलं आणि सांगितलं, की मनगटातली नस दाबली गेली आहे. बोटांना इतकी वर्षं एका जागी गोळा करून, मनगटं बाहेर मुरडून, खांदे आवळून ही वेळ आणली आहे. एक तर टाइप करणं बंद करा, नाहीतर हात सरळ राहतील असा कीबोर्ड घ्या. दोन्ही नाही केलं तर पुढे हातात घास धरणंही जड जाईल.

पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या एका भक्ताच्या मुलीला हे कळलं. तिने स्वतःच्या पसंतीचा एक कीबोर्ड पाठवून दिला.

खोक्यातून दोन तुकडे निघाले. नीळकंठाला वाटलं वाटेत मोडला. तो मोडलेला नव्हता, तो तसाच होता. मधून चिरलेला, डावा अर्धा वेगळा, उजवा अर्धा वेगळा, दोघांना जोडणारी एक वायर. दोन तुकडे खांद्याइतके लांब ठेवायचे, आणि आतल्या कडा उचलून उभ्या करायच्या. हात त्यावर ठेवले की तळवे एकमेकांकडे बघू लागत. नमस्कार करता करता मधेच थांबावं तसे ते हात दिसत.

आराम वाटला, हे कबूल करायला हवं. खांदे उघडले. छातीत हवा गेली.

आणि मग त्याने पहिलं वाक्य टाइप करायला घेतलं.

मराठीच्या त्या कळफलकात डाव्या हाताला काने, मात्रा, वेलांट्या, आणि उजव्या हाताला बहुतेक सगळी व्यंजनं. इतकी वर्षं दोन्ही हात शेजारी शेजारी होते तेव्हा हे त्याच्या लक्षातही येत नसे. आता अक्षर टेबलाच्या या टोकाला आणि त्याची मात्रा त्या टोकाला. मधली जागा मोकळी. डावा अंगठा जन्मात कधी कामाला लागला नव्हता, त्याच्यासमोर आता दोन कळा येऊन बसल्या होत्या आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट 'व'ची. 'व'ची कळ खालच्या ओळीत मधोमध असते आणि ती डाव्या तर्जनीने दाबायची असते. नीळकंठ ती उजव्या तर्जनीने दाबत आला होता. आपला आपण शिकला होता ना. कोणी चूक दाखवायला नव्हतं, आणि कीबोर्ड सलग होता तोवर ती चूक खपूनही गेली. नव्या कीबोर्डावर 'व' डाव्या तुकड्यात गेला. नीळकंठाचं उजवं बोट मात्र जुन्याच जागी जाई, आणि तिथे कळ नसे, टेबल असे.

टक.

मराठीत 'व' किती वेळा येतो हे नीळकंठाला पन्नाशीत कळलं. बुवा दोन वाक्यं बोलत तोवर बोट चारदा टेबलावर आपटे. बुवा अंध असल्यामुळे त्यांना प्रत्येक आवाज ऐकू जाई. टक झालं की ते बोलणं थांबवत. मग नीळकंठ घाईने सुधारी, त्या घाईत दुसरं अक्षर चुके, तेही सुधारी, आणि घामाघूम होऊन म्हणे, "हं, बुवा, पुढे."

सगळ्या जिल्ह्याच्या कोर्टात नाव असलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा अक्षर शोधू लागला. रोज सकाळी टेबलाशी बसणं त्याच्या जिवावर येऊ लागलं.

त्यातच मठाचे विश्वस्त बोंडे वकील येऊन गेले. शिदोबांच्या पुण्यतिथीला पुस्तक निघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपला मोबाइल बुवांसमोर धरला, बुवांना चार शब्द बोलायला सांगितलं, आणि ते शब्द पडद्यावर आपोआप उमटलेले नीळकंठाला दाखवले. बुवांचं वऱ्हाडी बोलणं त्या मोबाइलला निम्मंशिम्मं कळलं होतं, पण तेवढं पुढे सुधारता येतं असं वकील म्हणाले. तुम्ही आता विश्रांती घ्या, काळमेघ, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याने ते अगदी आपुलकीने सांगितलं, आणि म्हणूनच ते नीळकंठाच्या जास्त वर्मी लागलं.

आपण टाइप करू शकलो नाही तर बुवांपाशी बसायला आपल्याला कारण काय उरलं? ही भीती त्याने कोणाला सांगितली नाही.

तर असं सगळं होऊन आता तांब्या पडला होता.

"दुपारी," बुवा म्हणाले, "मी पडलो असतो तवा कोन टाइप करते?"

नीळकंठ चपापला.

"…मीच, बुवा."

"नव्यावर नाई."

"नाही."

जुन्या कीबोर्डाच्या कळा खडखडत. नवा मऊ होता. हा फरक बुवांना कळत असेल हे नीळकंठाच्या डोक्यात यायला हवं होतं, पण चोरी करणाऱ्याला एवढं सुचत नाही.

"मला वाटलं तुम्ही झोपता."

"मी कुठचा झोपतो. पडून रायतो."

मग नीळकंठाने सगळं सांगून टाकलं. सकाळी नव्या कीबोर्डावर रखडत जे राहून जातं, ते दुपारी जुन्यावर भरून काढतो. त्याने हात आणखी बिघडले. पण बोटं पुन्हा पळाली की जिवाला बरं वाटतं. हे तंबाखूसारखंच आहे हे त्यालाही कळत होतं.

"पुस्तक पुरं होऊ द्या," तो म्हणाला. "शिदोबांच्या कामी हात गेले तर गेले. मी ते मनाने कधीच वाहून टाकलेत."

हे वाक्य त्याने आधी ठरवून ठेवलेलं होतं.

"मी मांगतले होते का?" बुवा म्हणाले.

"काय, बुवा?"

"हात."

ओसरीबाहेर सागाची पानं वाऱ्याने सरकत होती. नीळकंठाला एकदम फार थकल्यासारखं झालं. आत्ता टेबलावर डोकं ठेवून झोपून जावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"तो नवा आन," बुवा म्हणाले. "मले दाखव."

नीळकंठाने दोन तुकडे उचलून आणले आणि बुवांच्या पुढ्यात घोंगडीवर ठेवले. बुवांनी दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताने डावा तुकडा चाचपला, उजव्याने उजवा. कळा मोजल्यासारखी बोटं फिरवली. वायरीवरून बोट नेलं. मग दोन्ही हात मधल्या मोकळ्या जागेत आणून ठेवले.

"इथं मंधात काय हाय?"

"काही नाही, बुवा. रिकामं आहे."

"तुह्यं बोट इथंच पडते?"

"…हो."

बुवांनी तिथली घोंगडी हाताने सारखी केली. बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"बस," ते म्हणाले. "लिही."

"आत्ता?"

"आत्ता."

नीळकंठ टेबलाशी बसला. दोन तुकडे लांब लांब मांडले, आतल्या कडा उचलल्या. हात ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं बधिर होती, ती कुठे टेकली आहेत ते बघूनच ठरवावं लागत होतं.

बुवांनी सांगायला सुरुवात केली. ते पुस्तकी मराठीत सांगत, तशी त्यांना सवय होती.

"गुरू हा कल्पवृक्ष असून त्याच्या सावलीत विसावलेल्या जिवाला इच्छाच उरत नाही, असं शिदोबा वारंवार म्हणत."

या एका वाक्यात 'व' किती, ते नीळकंठाचं नीळकंठाला माहीत. टक. टक. तो थांबे, डाव्या तर्जनीला ओढून आणी, कळ शोधी, दाबी. पुन्हा पुढे जाई. एकेक अक्षर विहिरीतून पोहरा ओढावा तसं वर येत होतं. बुवा काही बोलले नाहीत.

शेवटी वाक्य संपलं.

"झालं, बुवा. पुढे."

"वाच."

नीळकंठाला नवल वाटलं. आजवर बुवांनी लगेच वाचून दाखवायला कधी सांगितलं नव्हतं. तेवढी उसंतच नसे. त्याने वाचून दाखवलं.

बुवा ऐकत राहिले.

"हे कोन म्हनत होतं?"

"शिदोबा."

"तुले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच सांगितलंत, बुवा. आत्ता."

"शिदोबा झाडाखाली कधी बसत नव्हते," बुवा म्हणाले. "त्यायले मुंग्या चावत."

नीळकंठाला हसावं की नाही ते कळेना.

"खोड ते."

त्याने खोडलं. खोडायला फार वेळ लागला नाही, त्याची कळ डाव्या अंगठ्याखालीच होती.

बुवांनी दुसरं वाक्य सांगितलं. त्यात चंदन होतं, परीस होता, गंगेचा ओघ होता. नीळकंठाने ते रखडत रखडत उतरवलं. दोनदा हात झटकावा लागला. एकदा थांबून मनगट मांडीवर घासावं लागलं.

"वाच."

वाचलं.

"खोड."

तिसरं वाक्य.

"खोड."

चौथं अर्ध्यावर असतानाच बुवा म्हणाले, राहू दे, ते पुरं करू नको. त्याच्या पुढचं काय येणार ते मलाच ऐकवत नाही.

नीळकंठाच्या कपाळावर घाम आला होता. घाम हातांमुळे नव्हता. एवढी मेहनत करून एक अक्षरही पडद्यावर उरत नव्हतं, आणि बुवा आपल्याला शिक्षा करत आहेत असं त्याला वाटू लागलं होतं. दुपारच्या चोरीची शिक्षा. मनात राग यायला लागला, आणि गुरूवर राग येतो म्हणून स्वतःचा राग आला.

"बुवा, एकदा ठरवून सांगा," तो म्हणाला. "मला आता पहिल्यासारखं होत नाही."

"मलेही."

बुवांनी तांब्या पडला होता तिथली ओली जमीन चाचपली.

पुढे बोलू लागले तेव्हा त्यांनी पुस्तकी मराठी सोडली होती.

"लिही. शिदोबांनी मले जवळ बसू देलं."

नीळकंठ वाट बघत राहिला. वाक्य संपलं होतं हे त्याला लवकर कळलं नाही. मग त्याने टाइप करायला घेतलं. 'जवळ'पाशी बोट पुन्हा टेबलावर आपटलं, त्याने ते उचललं, डावं बोट पुढे केलं. सावकाश. बुवा ओठ किंचित हलवत होते, अक्षराबरोबर अक्षर. टाइप करता करता नीळकंठाच्या ते ध्यानात आलं आणि त्याने आणखी सावकाश केलं.

"वाच."

"शिदोबांनी मले जवळ बसू देलं."

"…हं."

"खोडू?"

"नको."

"पुढे, बुवा?"

"पुढं काई नाई."

नीळकंठाने संगणकाकडे पाहिलं. पांढऱ्या पानावर एक ओळ. त्याने बाजूच्या टेबलावरच्या पानांच्या ढिगाकडे पाहिलं. छापून, भोकं पाडून, लाल दोऱ्याने बांधलेली वर्षानुवर्षांची सकाळ तिथे रचलेली होती. त्यातलं अक्षर न् अक्षर याच हातांनी टाइप केलेलं होतं.

"मग ते सगळं?" त्याने विचारलं.

बुवांना तो कशाबद्दल विचारतो हे कळलं.

"त्यात शिदोबा कमी हायेत."

"मग काय आहे?"

बुवांनी गुडघ्यावरचं धोतर पुन्हा चाचपलं. वाळलं होतं.

"तू आलास तवा मले एका महिन्यात सांगून झालं होतं," ते म्हणाले. "शिदोबा बोलतच कितीसे. पन तुह्ये बोटं… मी एक सांगो, तुह्यं होऊन जाय. मंग खुर्चीचा आवाज येई. मले वाटे, हा मोकळा बसला. एवढ्या मोठ्या कोर्टातला मानूस, घरदार सोडून आला, अन् मी त्याले मोकळा बसवून ठेवला. मंग मी आखीन बोलत गेलो."

"आणखी…"

"चंदन सांगतलं. परीस सांगतला. जे कीर्तनात आयकलं होतं ते समदं सांगतलं. तू थांबतच नव्हता, बापा. मी तरी कसा थांबू?"

नीळकंठाला हे एकदम पटलं, आणि पटलं म्हणूनच ते सहन होईना. लोक म्हणायचे, बुवा बोलतात आणि याच्या बोटांतून अक्षरं पडतात. प्रत्यक्षात त्याची बोटं पळत होती आणि एक अंध म्हातारा धापा टाकत त्यांच्यामागे शब्द घेऊन धावत होता. बुवांना दम लागायचा. सकाळ संपली की ते भिंतीला टेकून बसत, ओठ कोरडे पडलेले असत. नीळकंठाला ते रोज दिसत होतं. वय झालं, असं तो समजत आला होता.

"तुम्ही सांगायचं होतं मला," तो म्हणाला. आवाज पुन्हा चढला, पण आता त्याला लाज वाटली नाही. "एकदा तरी म्हणायचं होतं, की पुरे."

"हो."

"का नाही म्हणालात?"

नीळकंठ उठला. उगीच ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. तांब्या अजून आडवाच होता. तो उचलावा म्हणून तो वाकला, पण उजवा हात पुढे करायला त्याला धीर झाला नाही. डाव्या हाताने उचलून त्याने तो भिंतीशी ठेवला आणि बुवांच्या समोर, घोंगडीच्या कडेला, जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत तो बुवांसमोर बसला असेल तो खुर्चीत, टेबलाआड. खाली बसल्यावर बुवांचा चेहरा जवळून दिसला. फार थकलेला चेहरा होता तो.

"आता बोंडे वकिलांना काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"सांग, पुस्तक झालं."

"एका ओळीचं?"

"त्यायले छापाले सोपं."

एरवी नीळकंठ हसला असता. त्याला हसू आलं नाही. मोबाइलची भीती थोडी कमी झाली, आणि ती कमी होताच तिच्या जागी दुसरीच मोठी पोकळी उघडली. पुस्तक झालं. मोबाइलचीही गरज नाही, त्याचीही नाही. नव्या कीबोर्डावर हात बसायला अजून महिनाभर लागला असता, पण हात बसवून आता टाइप काय करायचं? उद्या सकाळी पूजा आटोपेल. ओसरीवर टेबल लागणार नाही. मग त्याने कुठे जाऊन उभं राहायचं?

"मग उद्या मी…" तो म्हणाला.



बुवांनी हात पुढे केला. हवेत चाचपत तो आधी नीळकंठाच्या खांद्याला लागला, मग दंडावरून खाली आला आणि मनगटापाशी थांबला. बुवांनी मनगट धरलं. अंगठ्याने दाबून पाहिलं, जिथे डॉक्टरने दाबलं होतं बरोबर तिथे.

"कळते का?"

"नाही, बुवा. नीट कळत नाही."

बुवांनी हात काढला नाही.

"नीळकंठा…"

"जी."

बुवांनी चेहरा त्याच्याकडे वळवला. जिथे नीळकंठाचे डोळे होते तिथून थोडा बाजूला.

"मले आता सांगाले काईच उरलं नाई," ते म्हणाले. "तरी येशीन का उद्या?"